पाय भक्कम आहेत, तरी मी ढळतो का?

वाचकाचं पत्र

ताई, सादर नमस्कार. मी मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली साडेतीन वर्षं चीनच्या हेनान प्रांतात, झेंगझोऊला एमबीबीएस करतोय. दीड वर्षापासून सुट्टीत आणि जमेल त्या शनिवार-रविवारी पीत नदी ओलांडून चेनजियागोऊला जातो आणि तिथं चेन घराण्याची ताइची ही चिनी युद्धकला शिकतो. लहानपणी गावच्या तालमीत भरपूर बैठका मारल्या, त्यामुळे मांड्या तयार आहेत. मा-बू, म्हणजे घोडेस्वारासारखा पवित्रा, मी मांड्या जमिनीला समांतर ठेवून चार मिनिटं धरतो. वर्गात एवढा वेळ कुणी धरत नाही. पण तुइ-शौला, एकमेकांना हात लावून ढकलण्याच्या सरावाला, उभा राहिलो की सगळं फसतं. वर्गात साठी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ अशा एक आजी आहेत. त्या छातीला नुसता हात लावतात आणि मी दोन पावलं मागे जातो. सर खांद्यावर थाप मारून 'फांग-सुंग, फांग-सुंग' म्हणतात. सैल सोडलं तर मी आणखी लवकर पडतो. म्हणून दोन महिने रोज आणखी खाली बसायचा सराव चालवलाय. आता वसतिगृहाचे जिने उतरताना उजवा गुडघा पुढून दुखतो. वर्गातले मित्र सांगतात, जुन्या काळी तीन वर्षं नुसतं उभं करायचे. मीही ताओलू (ठरलेल्या हालचालींची मालिका) बाजूला ठेवून नुसता उभा राहू का? आणि मूळ धरलं हे कळतं तरी कसं?

उत्तर

तू मला ताई म्हणून लिहिलंयस आणि तुझ्याच वयाचा माझा भाचा आहे, तेव्हा एकेरीतच लिहिते.

आधी गुडघ्याचं. समांतर मांड्यांचा तो मा-बू आजपासून थांबव. जिना उतरताना पुढून दुखतं तेव्हा गुडघ्याच्या वाटीमागे ताण पडत असण्याची शक्यता असते. हे माझ्यापेक्षा तुझे अस्थिरोगाचे शिक्षक तुला नीट सांगतील. तू शिकतोस तिथंच तपासणारे आहेत, तेव्हा या आठवड्यातच दाखवून घे. 'थोडं दुखणारच' म्हणत सहा-सहा महिने अंगावर काढणारे मी बरेच पाहिलेत. त्यांतली एक मी स्वतः होते.

बीजिंगला राहत असताना मी एका वर्गात जायचे. तिथं भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि शिकवणाऱ्यांचा निकष एकच: किती खाली आणि किती वेळ. मी खाली गेले, वेळही वाढवला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ यायला लागली तेव्हा 'पाय अजून तयार नाहीत' असं सांगण्यात आलं आणि मी ते मानलं. पुढचे आठ महिने मला उकिडवं बसता आलं नाही. शेवटी तो वर्ग सोडला आणि सकाळी थ्येनथान बागेत, शेकडो वर्षांच्या सायप्रस झाडांखाली जमणाऱ्या लोकांत जाऊन उभी राहायला लागले. तिथल्या एका आजोबांनी पहिल्या दिवशी मला जवळजवळ सरळच उभं केलं. गुडघे किंचित वाकलेले, हात छातीसमोर, जणू एखाद्या झाडाला सैल मिठी मारलीय. इतकं सोपं काम दिलं म्हणून मला वाईट वाटलं. सातव्या-आठव्या मिनिटाला पाय थरथरायला लागले, आणि तेव्हा कळलं की इतके महिने मी गुडघ्यांच्या अस्थिबंधांवर लटकत होते. स्नायूंनी उभं राहायला मी शिकलेच नव्हते. म्हणून तुझं पत्र वाचताना माझा जीव जरा वरखाली झाला.

आता मूळ प्रश्न. खाली बसलं की माणूस भक्कम होतो ही समजूत अर्धीच खरी आहे. गुरुत्वमध्य खाली येतो हे बरोबर. पण माणूस पडतो तो गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या जागेच्या, म्हणजे पाया म्हणू तिच्या, बाहेर गेला की. तुझा पाया केवढा आहे ते बघ. मा-बूमध्ये पावलं एकमेकांच्या शेजारी असतात. डावीकडून उजवीकडे पाया तीन फुटांच्या आसपास रुंद. पुढून मागे मात्र फक्त पाऊलभर, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर. तू कितीही खाली जा, हे २५ सेंटिमीटर वाढत नाहीत. त्यातही घोटा पावलाच्या मधोमध नसतो, टाचेकडे असतो. म्हणून पुढे झुकायला थोडीफार जागा असते, मागे फार कमी. मांड्या समांतर आणताना बूड मागे गेलं की वजन टाचांवर सरकतं आणि तीही जागा संपते. आजींना जोर लावावा लागत नाही, कारण तुझ्यामागे दोन बोटांचंच अंतर शिल्लक असतं आणि तेवढंच त्यांना हवं असतं.

प्रत्येक पवित्र्याला अशी एक कच्ची दिशा असते. दोन्ही टाचा जोडणारी रेघ मनात ओढ. तिला काटकोनात जाणारी दिशा कच्ची. गोंग-बू, म्हणजे एक पाय पुढे टाकून धनुष्यासारखा ताणलेला पवित्रा, पुढेमागे टणक असतो, पण त्याला तिरका, आडवा ओढ दिला की तोही जातो. तालमीत तू हे पाहिलं असशील. जाणता पैलवान समोरच्याच्या ताकदीशी झगडत बसत नाही. त्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते हेरतो आणि त्या पायाची उघडी बाजू शोधतो. आजी तेच करतायत, फक्त तळहातानं.

याचा अर्थ, चारी दिशांनी पक्का असा पवित्रा जगात नाही. मूळ पवित्र्यात नसतंच. मग ते कुठं असतं?

ताइचीच्या जुन्या सूत्रांत एक ओळ आहे, तुझ्या सरांच्या तोंडून ती ऐकलीही असशील: मूळ पावलांत, जोर निघतो पायांतून, हुकमत कमरेची, दिसतो बोटांत. बहुतेक लोक पहिला तुकडा उचलतात आणि पायांवर मेहनत करत बसतात. मला कमरेचा तुकडा जास्त मोलाचा वाटतो. त्याच सूत्रात पुढे सांगितलंय की जिथं वेळ आणि जागा साधत नाही, अंग विस्कटतं, तिथं रोग कंबर आणि पायांत शोधावा. कंबर आणि पाय, दोन्ही एकत्र. त्या दोहोंच्या मधे जे असतं त्याला चिनी मंडळी ख्वा म्हणतात आणि आपण जांघ म्हणतो. तुझं कुलूप तिथं आहे अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

कारण सांगते. आजींचा हात छातीवर आला की तो जोर कुठून ना कुठून जमिनीपर्यंत जायलाच हवा. वाट मोकळी असेल तर तो पाठीतून, जांघेतून, मागच्या पायातून खाली उतरतो आणि तुला फक्त तळव्याखाली दाब वाढल्यासारखं वाटतं. वाट अडली की जोर अडलेल्या जागी थांबतो आणि तिथून तुला उलथवतो. घरातलं मुसळ उभं करून त्याच्या वरच्या टोकाला बोट लाव, लगेच पडेल. आता पोतं अर्धं धान्यानं भरून उभं ठेव आणि ढकल. हात आत रुततो, धान्य खाली सरकतं, पोतं जागेवरून हलत नाही. तू छाती-खांदे आवळून आणि जांघ गच्च धरून अंगाचं मुसळ करतोस. तेही पोलादी मुसळ, कारण मांड्या खरंच तयार आहेत. मुसळ जेवढं ताठ, तेवढा वरच्या टोकाला लागलेला धक्का सरळ खालपर्यंत पोचतो आणि ते आडवं होतं.

आणि बैठका. आपली बैठक मारताना खाली जाताना टाचा उचलतात, गुडघे पुढे जातात, वजन चवड्यांवर येतं. पैलवानाच्या कामासाठी ती उत्तम आहे, तिला नाव ठेवण्याचं काही कारण नाही. पण हजारो बैठकांनी तुझ्या शरीराला एक गोष्ट पक्की शिकवलीय की खाली जायचं तर गुडघ्यातून जायचं. मा-बूतही तू गुडघ्यातूनच सुरुवात करत असणार. तळाशी पोचल्यावर जांघ उघडत नाही म्हणून बूड मागे फेकतोस आणि पाठ पुढे झुकवून तोल सावरतोस. दुखणारा गुडघा आणि मागे जाणारा तोल ही मला एकाच सवयीची दोन टोकं दिसतात.

आता 'फांग-सुंग'. तू त्याचा अर्थ 'सैल सोड' असा घेतलास, आणि सैल सोडलं की खाली कोसळतोस. दोष तुझा नाही, शब्दच अवघड आहे. जुन्या लिपीत 'सुंग' लिहिताना वर लांब केसांचं चिन्ह असतं आणि खाली, उच्चारासाठी, पाइनच्या झाडाचं अक्षर. बांधलेला अंबाडा सोडला की केस जसे खाली उतरतात तो हा सुंग. केस सुटले तरी ते टाळूला धरलेलेच असतात. वर पकड आहे म्हणूनच खाली मोकळे लोंबतात. तुझ्या शरीराचंही तसंच व्हायला हवं. टाळू वर, आणि बाकीचं सगळं तिच्यापासून खाली उतरलेलं. तू टाळूसकट सोडतोस, मग अंग ढासळतं. (आजच्या सोप्या लिपीत केसांचं चिन्ह गेलं, आणि 'सैल' व 'पाइन' दोन्ही एकाच अक्षरानं लिहितात. मूळ धरायला शिकणाऱ्यांना हा योगायोग मला फार आवडतो.)

यांग घराण्याचे ताइची-गुरू यांग चंगफू (१८८३–१९३६) यांच्या ज्या दहा सूचना ताइचीच्या जगात सगळीकडे शिकवल्या जातात, त्यांतली पहिली डोकं हलकेच वर धरण्याची आहे. दुसरी छाती आणि पाठीची, तिसरी कंबर मोकळी करण्याची. कुठल्या पायावर किती भार, हे चौथ्या क्रमांकावर येतं. हा क्रम मला वर्षानुवर्षं कळला नव्हता. पायांचा प्रश्न डोक्यापासून सोडवायचा हे बुद्धीला पटत नाही, अंगाला पटायला वेळ लागतो.

तुझं घराणं यांगचं नाही, चेनचं आहे. तिथं हेच वेगळ्या शब्दांत सांगतात. 'दांग गोल ठेव' असं तू रोज ऐकत असशील. दांग म्हणजे दोन मांड्यांमधली कमान. हेनानच्या उत्तरेला, हपेई प्रांतात, झाओझोऊचा दगडी पूल आहे. सातव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला, एकाच कमानीचा, आणि अजून उभा आहे. जमलं तर एखाद्या सुट्टीत बघून ये. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्यावर रेलून वजन दोन्ही टोकांना उतरवत जातो. मांड्यांची कमान अशीच हवी: गुडघे पावलांच्या रोखानं बाहेर वळलेले, आत कोसळलेले नकोत, आणि जांघेत पोकळी. खाली किती गेलास याच्याशी तिचा संबंध नाही. उंच पवित्र्यातही ती असते, आणि अगदी खाली बसलेल्या माणसातही नसू शकते.

तेव्हा पुढचे तीन महिने असं कर. डॉक्टरांनी गुडघ्याला परवानगी दिली की मगच.

खांद्याएवढं अंतर घेऊन उभा राहा, पावलं समांतर. दोन्ही हातांची बोटं जांघेच्या घडीत ठेव. इनग्वायनल लिगामेंट कुठून जातं ते तुला माहीतच आहे, त्याच्या जरा खाली. आता मागे एक उंच स्टूल आहे आणि त्याच्या कडेवर नुसतं टेकायचंय असं समजून तेवढंच खाली ये. बोटं आधी घडीत चिमटली गेली पाहिजेत, गुडघा त्यानंतर वाकला पाहिजे. गुडघा आधी पुढे सरकला तर वर ये आणि पुन्हा कर. सुरुवातीला दहातल्या आठ वेळा चुकेल, बैठकांची सवय इतक्यात जाणार नाही. शेपटीचं हाड खाली लोंबू दे. ते पुढे ओढून कंबर सपाट करायच्या मागे लागू नकोस. हा फार पसरलेला रोग आहे आणि त्यानं जांघ पुन्हा बंद होते.

मग तिथंच थांब, हात सैल मिठीसारखे छातीसमोर, तळवे आत. हाच जान-ज्वांग, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खुंटासारखं उभं राहणं. पाच मिनिटांपासून सुरू कर आणि आठवड्याला एखादं मिनिट वाढव. वीस मिनिटांच्या पुढे जायची तुला या तीन महिन्यांत गरज नाही. घड्याळ पाठीमागे ठेव. श्वास अडला की समज, तू पुन्हा आवळतोयस. एका जागी उभं राहून डोकं हलकं वाटलं, डोळ्यांपुढे अंधारलं, तर नेट लावू नकोस, चाल. पोटऱ्या हलल्या नाहीत तर रक्त वर चढत नाही, हे मी तुला काय सांगू!

तळव्यात वजन कुठं असावं यावर घराण्या-घराण्यांत मतभेद आहेत. दक्षिणेकडच्या काही पद्धतींत पावलाच्या बोटांनी जमीन पकडायला लावतात. ताइचीवाले बहुधा पाऊल पसरून ठेवायला सांगतात आणि युंगछ्वेन या बिंदूकडे लक्ष द्यायला लावतात. नावाचा अर्थ उसळता झरा. पावलाची बोटं आखडली की तळव्याच्या पुढच्या भागात खळगा पडतो, तो. माझं मत असं की निदान वर्षभर तरी तू बोटांनी पकडू नयेस, कारण पकडलं की पोटरी, गुडघा, जांघ अशी गाठ वर वर चढत जाते. टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ यांवर वजन पसरू दे. घोट्याच्या किंचित पुढे ते स्थिरावलेलं जाणवेल. आजींसमोर तुला कमी पडते ती मागची जागा अशी मोकळी होते.

आठवड्यातून दोनदा कुणाला तरी बरोबर घे. तू असाच उंच उभा, एक पाय अर्धं पाऊल पुढे. मित्रानं छातीवर तळवा ठेवून अगदी हळू, दहा सेकंदांत वाढत जाणारा दाब द्यायचा. धक्का द्यायचा नाही. तुझं काम त्याला थोपवण्याचं नाही. मागची जांघ थोडी मुडपत जाईल आणि मागच्या तळव्याखाली दाब वाढत जाईल, तेवढं लक्षात घे. मधेच त्यानं न सांगता हात काढून घ्यायचा. तू पुढे पडलास तर समज की तू त्याच्या हातावर रेलला होतास. ताइचीत या दोषाला 'डिंग' म्हणतात, टक्कर देणं. आजींसमोर तू नेमकं हेच करत असशील असं मला वाटतं: आधी त्यांच्यावर रेलतोस, त्या जागा देतात, तू सावरायला मागे जातोस, आणि त्याच क्षणी त्या हात लावतात.

आणखी एक दोष आहे, तो मा-बूच्या प्रेमात पडलेल्या प्रत्येकाला होतो. वांग झोंगयुए यांच्या नावानं चालत आलेल्या ताइचीच्या जुन्या ग्रंथात म्हटलंय, भार एका बाजूला बुडाला तर अंग अनुसरतं, दुहेरी झाला तर अडतं. अनेक वर्षं मेहनत करूनही जो दुसऱ्याच्या ताब्यात जातो त्याला हा दुहेरी भाराचा दोष समजलेला नसतो, असंही तिथं सांगितलंय. याचा अर्थ दोन्ही पायांवर सारखं वजन कधी ठेवूच नये असा काहीजण काढतात. मला तो तोकडा वाटतो. जान-ज्वांगमध्ये वजन सारखंच असतं आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही पाय एकाच वेळी कुलूपबंद झाले की. मग धक्का आल्यावर हलायला मोकळा पाय उरत नाही. शिंगयी या दुसऱ्या एका चिनी युद्धकलेत साऱ्याचा उगम मानतात ती सान-थी-शी ही उभं राहण्याची रीत पाहा: वजनाचा मोठा वाटा मागच्या पायावर, पुढचा पाय हलका आणि तयार. गुडघा बरा झाला की सरांना विचारून दोन-दोन मिनिटं ती धरून बघ. एक पाय भरलेला आणि एक रिकामा म्हणजे काय, ते मा-बूपेक्षा तिथं लवकर कळतं.

तुझ्या मनात येईल की दक्षिणेत, ग्वांगदोंगमध्ये, हुंग घराण्याच्या युद्धकलेतले लोक इतके खाली बसतात, ते वेडे आहेत का? मुळीच नाहीत. तो त्यांचा पाय घडवायचा मार्ग आहे. त्याच प्रांतात विंग चुन ही युद्धकला आहे. तिचा पहिला ताओलू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंच, अरुंद पवित्र्यात, एक पाऊलही न टाकता करतात. दोन्ही जुन्या आणि मानाच्या पद्धती. पवित्र्याच्या खोलीवरच मूळ ठरत असतं तर यांतली एक केव्हाच संपली असती.

तीन वर्षं नुसतं उभं राहायचं का? जुन्या लोकांच्या तोंडी 'आधी तीन वर्षं खुंटासारखं उभं राहा' असं असतं हे खरं. 'मूठ घोटली पण पाया नाही घोटला, म्हातारपणी हात रिकामा' या अर्थाची चिनी म्हणही प्रसिद्ध आहे. पण उभं राहण्यावर साऱ्या आयुष्याची भिस्त ठेवणारा माणूस कोण होता ते बघ. वांग श्यांगझाय (१८८५–१९६३), यीच्यूआन या युद्धकलेचे जनक. त्यांनी ताओलू खरोखरच टाकून दिले आणि जान-ज्वांग मध्यभागी आणलं. तरी त्यांच्या पद्धतीत उभं राहण्याच्या लगेच पुढे 'शी-ली' येतं, म्हणजे मिळालेला जोर अगदी हळू हालचालीत चाचपून पाहणं. मग घासत टाकलेलं पाऊल, मग जोर सोडणं, मग तुइ-शौ, मग लढत. नुसतं उभं राहा आणि बाकी आपोआप येईल असं त्यांनीही ठेवलं नाही. तू ताओलू सोडू नकोस. फक्त सध्या उंच पवित्र्यात कर, आणि अर्ध्या वेगानं. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तो पाय खरोखर रिकामा झालाय का ते बघ. रिकामा पाय टाच न आपटता, मांजरासारखा पुढे ठेवता आला पाहिजे आणि पटलं नाही तर तसाच परत घेता आला पाहिजे. परत घेता येत नसेल तर वजन आधीच पुढे गेलंय. माझ्या अनुभवात मूळ उभं राहण्यात जेवढं घडतं, त्याहून जास्त या पाऊल टाकण्यात घडतं. याबद्दल बोलायला कुणाला फारसं आवडत नाही, कारण दिसायला ते काहीच नसतं.

मूळ धरलं हे कसं कळेल? ढकलल्यावर न हलणं ही खूण धरू नकोस, त्यानं तू पुन्हा मुसळ होशील. बागेतल्या त्या आजोबांना मी दोन्ही हातांनी ढकलायचे. ते हलायचे. कमरेत हलायचे, जांघेत मुडपायचे, कधी एक पाऊल बाजूला टाकायचे, आणि त्याच वेळी शेजारच्या माणसाशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असायचे. बोलणं तुटायचं नाही. श्वास अडायचा नाही, टाच उचलायची नाही. मला मात्र वाटायचं की मी त्यांना नाही, जमिनीला ढकलतेय आणि माझाच जोर माझ्या खांद्यांत परत येतोय. तुझ्याबाबतीत पहिली खूण बहुधा याहून साधी असेल. एक दिवस आजींचा हात यायच्या आधी तुझा मागचा तळवा जड होईल. त्या दिवशीही तू पडशील, पण कुठून पडलास ते कळलेलं असेल. पाऊल मागे गेलं म्हणजे हरलो असंही मानू नकोस. नेमक्या वेळी, टाच न आपटता टाकलेलं पाऊल हे मूळ असल्याचंच लक्षण आहे.

शेवटी सरांचं. ते खांद्यावर थाप मारतात ती रागाची नसावी, तुझी गाठ कुठं आहे ते ते दाखवतायत. तुझी चिनी भाषा रुग्णांशी बोलण्यापुरती तरी झाली असेलच. पुढच्या वेळी सरळ विचार, 'सर, माझी ख्वा उघडतेय का?' आणि त्यांना हात तुझ्या जांघेवर ठेवायला सांग. तिथल्या पद्धतीत शिक्षक हात लावून दुरुस्त करतात आणि शिष्यानं विचारलं की त्यांना आनंदच होतो. गुडघा दुखतोय हेही त्यांना स्पष्ट सांग. ते कळूनही कुणी 'आणखी खाली बस' म्हणालं, तर त्या दिवशीचा सराव तिथंच थांबवायचा हक्क तुझा आहे. तो मी बजावला नाही, त्याची किंमत तुला वर सांगितलीच आहे.

आणि त्या आजींशी मैत्री कर. वर्गानंतर त्यांना दहा मिनिटं माग. त्यांनी हळूहळू ढकलायचं, तू पडायचं, पुन्हा उभं राहायचं. तुझ्या वयाच्या दणकट मित्रांबरोबर तू ताकद वापरून वेळ मारून नेशील, आजींबरोबर ती सोय नाही.

हेनानमध्ये आता गारठा वाढेल. पहाटे अंगणात उभा राहणार असशील तर आधी चालून अंग तापव आणि गुडघे झाकून घे. तपासणीत काय निघालं ते मला जरूर कळव.